विंडोज ७ मराठीत: पूर्ण पॅक, लिप की नुसता कीबोर्ड?

मराठी मेन्यू हवेत म्हणून कोणी जुन्या मशीनवर विंडोज ७ची अल्टिमेट आवृत्ती बसवून देत असेल, तर आधी त्याला थांबवा. त्याची गरज नाही.

विंडोज ७मध्ये भाषेचे पॅक दोन तऱ्हेचे. पूर्ण पॅक टाकला की मेन्यू, सूचना, मदतीची पानं, जवळजवळ सगळंच त्या भाषेत येतं. एकाच मशीनवर एका खात्याला जर्मन आणि दुसऱ्याला जपानी ठेवता येतं. पण तो फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझवर चालतो, आणि मराठीचा पूर्ण पॅक निघालाच नाही. मराठीला मिळाला तो लँग्वेज इंटरफेस पॅक, म्हणजे लिप. हा मोफत, आकाराने लहान आणि कुठल्याही आवृत्तीवर बसणारा. फक्त तो इंग्रजी विंडोजवर चढतो आणि रोजच्या वापरातला भागच मराठी करतो. स्टार्ट मेन्यू मराठी, आणि दोन खिडक्या आत शिरलात की इंग्रजी, असा मामला. ज्याला इंग्रजी वाचताना अडखळायला होतं, त्याला तेवढंही पुष्कळ.

३२ बिट आणि ६४ बिट विंडोजचे लिप वेगळे, तेव्हा आपली विंडोज कोणती ते आधी ‘कॉम्प्युटर’ या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा. पॅक चढल्यावर कंट्रोल पॅनेलमधल्या रीजन अँड लँग्वेजमध्ये भाषा निवडायची, लॉग ऑफ करून परत यायचं. नको झालं तर विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘lpksetup’ टाइप करा. काढायची सोय तिथेच आहे. मेन्यू कुठल्याही भाषेत असला तरी ही वाट चालते.

आता तिसरा पर्याय, जो बहुतेकांना खरं तर हवा असतो: नुसतं मराठी टायपिंग. त्याला पॅक लागतच नाही. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (कळांवरची मराठी अक्षरांची मांडणी) आणि मंगल फॉन्ट विंडोज ७मध्ये आधीपासून आहेत, कीबोर्ड तेवढा रीजन अँड लँग्वेजमधल्या यादीत जोडायचा. उलट लिप टाकून वर्ड मराठी होत नाही (ऑफिसचे पॅक वेगळे), आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातल्या फायली वाचण्याजोग्या होत नाहीत. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बदलूनच घ्याव्या लागतात.

दुकानाचा हिशेब किंवा सोसायटीची पत्रं एवढंच काम असेल, तर मी मेन्यू इंग्रजीच ठेवीन. बिघाड झाला की फोनवरचा दुरुस्तीवाला ‘कंट्रोल पॅनेल उघडा’ म्हणतो, तेव्हा पडद्यावर तेच शब्द असलेले बरे. घरातल्या मोठ्यांना पत्ते खेळायला आणि फोटो बघायला मशीन द्यायचं असेल, तर मात्र लिप जरूर टाका. शक्यतो त्या मशीनला नेट जोडू नका. विंडोज ७चे सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले.