शाळेच्या गावी राहावे की तालुक्याहून ये-जा करावी?

पवित्र पोर्टलमधून निवड होऊन कोल्हापूर, सातारा किंवा बीडकडची जी मुले झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, शिक्षक म्हणून रुजू होतात, त्यांच्यापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो : खोली शाळेच्या गावात घ्यायची, की तालुक्याला घेऊन अप-डाउन करायचे? मी मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातून इकडे आलो, पहिले पंधरा महिने गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या एका तालुक्याच्या गावी काढले आणि जून २०२५ च्या अखेरीस शाळा उघडताना बिऱ्हाड शाळेच्या गावी हलवले. हा अनुभव एकट्याने राहणाऱ्या माणसाचा आणि बावीस किलोमीटरच्या अंतराचा आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

तालुक्याच्या बाजूने काय बोलले जाते, ते कोणताही जुना सहकारी तुम्हाला चहाच्या टपरीवर सांगेल, आणि त्यातले बहुतेक खरेही आहे. औषधाचे दुकान, एटीएम, खानावळ, आपल्याच भागातून आलेले चारदोन शिक्षक आणि मुख्य म्हणजे रेल्वे स्टेशन. महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर ते गोंदिया हा तेराशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून पुढची गाडी पकडणाऱ्याला स्टेशनाजवळ खोली असण्याचे मोल वेगळे सांगायला नको. ज्वारीचे पीठही तालुक्यालाच मिळते. हा भाताचा मुलूख आहे आणि पहिल्या महिन्यात मला घरच्या माणसांइतकीच भाकरीची आठवण येत असे.

पैशाचा हिशेब मात्र आधी करून ठेवलेला बरा. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे महिना १६,००० रुपये एकत्रित मानधन मिळते, घरभाडे भत्ता वेगळा मिळत नाही. माझे जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर होत, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे अकराशे. गाडी लिटरला पन्नास देत होती, म्हणजे बावीस लिटर पेट्रोल, आणि पेट्रोलचा भाव शंभराच्या वर. खोलीचे भाडे २,५०० रुपये होते. टायर, ऑइल आणि पावसाळ्यात खड्ड्यांनी वाकवलेले रिम मी त्यात धरत नाही. गावातल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरातल्या दोन खोल्यांना मी आज सातशे रुपये देतो. नियमित वेतनश्रेणी लागल्यावर पैशाची ओढाताण कमी होईल, पण तेव्हा मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत असल्याच्या ग्रामसभेच्या ठरावाचा प्रश्न पुढे येतो आणि अप-डाउन करणाऱ्याला दरवर्षी त्या एका कागदासाठी कानकोंडे व्हावे लागते.

तरीही मी पैशासाठी तालुका सोडला नाही, आणि वाघासाठीही नाही, जरी घरी तसेच समजतात. सकाळपाळीच्या शाळेसाठी मार्च-एप्रिलमध्ये सहाला निघावे लागते. मोहफुले वेचायला माणसे जंगलात शिरण्याचा हाच काळ, आणि इकडे वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांत अधिक येतात. मी पुढे जाणाऱ्या दूधवाल्याच्या दिव्यामागे माझी गाडी लावत असे. या भीतीची पुढे सवय होते, असे मी प्रामाणिकपणे सांगतो.

सवय झाली नाही ती नळाची. माझ्या गल्लीत नळ सकाळी दहाच्या सुमारास येई आणि पाऊण तासात जाई, आणि त्या वेळी मी वर्गात हजेरी घेत असे. सकाळपाळी असली की मी साडेबाराला परतत असे, तोवर नळ जाऊन जवळजवळ दोन तास झालेले असत. घरमालकीणबाईंनी पहिले काही महिने माझ्या पिंपात पाइप सोडून दिला. पुढे त्यांना विसर पडू लागला आणि नंतर त्यांनी ‘कुठवर पाहायचं आम्ही?’ असे स्पष्टच विचारले. त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. रविवारी मी घरी असे तेव्हा पिंप, बादल्या, कळशी आणि पातेलीसुद्धा भरून ठेवत असे, ती मंगळवारपर्यंत पुरत.

थंडीत हे निभावून जाते. उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडचा पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो, सिमेंटचा स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि कूलर रात्रीतून चाळीस लिटर पाणी पितो. पाणी नसलेला कूलर ही काय वस्तू आहे, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला कळायचे नाही. वाळलेल्या ताट्यांतून तो जी हवा फेकतो, तिच्यापेक्षा तो बंद केलेला बरा. एप्रिल २०२५ मध्ये मी रोज रात्री गल्लीच्या टोकाच्या बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर, रांगेत उभा राहत असे, तीन बादल्या कूलरला आणि दोन मला. आईचा फोन नेमका त्याच वेळी येई. तो खांद्याने कानाशी दाबून धरून मी दांडा मारत असे, आणि ‘हा आवाज कसला?’ या तिच्या प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर देत असे.

तेव्हा माझ्या लक्षात आले की, तालुक्यातली प्रत्येक सोय घरी कोणीतरी आहे असे धरून चालते. घंटागाडी साडेदहाला येते, सिलिंडरची गाडी अकराला येते आणि दाराला कुलूप पाहून पुढे निघून जाते, मीटरचे रीडिंग घेणारा दुपारी येतो. कुटुंब जवळ असलेल्याला हे जाणवतही नाही. घरापासून तेराशे किलोमीटरवर एकटा राहणारा मात्र सोयींच्या गावात राहून सगळ्या सोयींना मुकतो.

शाळेच्या गावात सोयी जवळजवळ नाहीतच, पण ज्या आहेत त्या माझ्यावाचून अडत नाहीत. बोरिंग शाळेच्या फाटकाला लागून आहे आणि त्याला वेळ नाही. सिलिंडरची गाडी आठवड्यातून एकदा चौकात थांबते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी सांगितले, ‘चाबी इथं खिळ्याले लावून ठेवत जा नं जी गुरुजी, गाडी आली का उतरवून घेऊ.’ तेव्हापासून माझी किल्ली त्यांच्या सपरीतल्या खिळ्याला असते. या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माझ्याकडे कोण आले, मी काय शिजवले आणि दिवा किती वाजता मालवला, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. ज्याला एकांत प्रिय आहे, त्याला हे जड जाईल, आणि मलाही पहिले दोन महिने गेलेच. कवेलूवर वानरे उड्या मारतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून घ्यावे लागतात, नाहीतर भर रात्री खाट सरकवत बसावे लागते. पण त्याच कवेलूखाली एप्रिलची रात्र स्लॅबपेक्षा मला तरी बरीच सुसह्य वाटली. मोजमाप मी केलेले नाही, झोप मात्र लागते.

खरी उणीव नेटवर्कची आहे. खोलीत फोन लागत नाही. त्यासाठी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जावे लागते, आणि अंधार पडल्यावर तिकडे जाऊ नये असे सगळेच सांगतात. त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा तेवढा तास उरतो. आमच्या घरी ती म्हशींच्या धारा काढण्याची वेळ. वडील फोन स्पीकरवर टाकून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवतात, मी पाळीवर बसतो, आणि चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजातून जेवढे बोलणे होते तेवढे होते. तालुक्याला मी रात्री दहालाही फोन करू शकत होतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पत्नीला तुमच्यासोबत यायचे असेल, मूल शाळेच्या वयाचे असेल किंवा घरी कोणाला नियमित दवाखाना लागत असेल, तर तालुका सोडू नये असेच मी म्हणेन, कारण तेव्हा नळाच्या वेळेला घरी माणूस असेल. अंतर सात-आठ किलोमीटरच असेल, तरी माझे पुष्कळसे म्हणणे लागू पडणार नाही. एकट्याने मात्र पहिले सहा महिने गावात काढून पाहावेत, असे मी भीतभीत सुचवतो. गावातून तालुक्याला जायला फारसे सामान बांधावे लागत नाही. तरीही तालुक्यालाच खोली पाहायला गेलात, तर भाडे विचारण्याच्या आधी नळाची वेळ विचारावी, आणि ती पहाटे साडेपाचची निघाली, तर माझे अर्धे लिखाण बाद समजावे.