तेराच्या तारा, अर्धा स्वर खाली आणि हिरवं पेडल: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगते, मी घरी वाजवणारी बाई आहे, स्टेजवरची नाही. लहानपणी सहा वर्षं सतार, मग नोकरी, मग पस्तिशी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार. गेल्या वर्षी स्टीव्ही रे वॉन या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाच्या नादी लागले आणि ठरवलं, त्याचा तो गाजलेला सेटअप लावून बघू. स्ट्रॅटोकास्टर होतीच. तिला तेराच्या तारा चढवल्या, गिटार अर्धा स्वर खाली लावली आणि एक ट्यूब स्क्रीमर घेतलं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज फाडणारं ते हिरवं पेडल. अँप छोटा, व्हॉल्व्हवाला.

खरी गंमत तारांची आहे. नवी स्ट्रॅट घेतली की तिच्यावर बहुतेक वेळा नऊ किंवा दहाच्या तारा असतात, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची. स्टीव्हीचा संच .०१३, .०१५, .०१९, .०२८, .०३८, .०५८ असा. कागदावर फरक केसाएवढा. पण दहाची पहिली तार नेहमीच्या सुरात साधारण सात किलो ताणाने बसते, आणि तेराची अर्धा स्वर उतरवूनही अकराच्या आसपास. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनची तार काळी दोनला आणायची. तो एवढं खाली लावायचा त्यामागे गळ्याची सोय होतीच, पण या तारा पांढरी तीनला लावून ओढून बघा, मग बोटांचीही सोय कळेल.

मला वाटलं होतं सतारीचा हात आहे, जमेल. बाजाच्या तारेवर चार-चार स्वरांची मींड काढलेली आहे की! पण सतारीच्या पडद्यावर तार बाजूला न्यायला ऐसपैस जागा असते. इथे एका पूर्ण स्वराच्या बेंडसाठी, म्हणजे तार ढकलून स्वर चढवायला, तीन बोटं एकामागे एक लावून, मनगट फिरवून ढकलावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात अनामिकेचा घट्टा सोलून निघाला. स्टीव्हीचंही हेच व्हायचं, आणि तो बोटांना सुपरग्लू लावून कार्यक्रम रेटायचा. मी हा प्रयोग केलेला नाही. तुम्हीही करू नका.

पहिल्या महिन्यात एक फजिती झाली. ज्या दुकानात तारा बदलून घेतल्या तिथे नटच्या (गळ्याच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाचा घासल्याच नाहीत. दहाच्या संचासाठी कापलेल्या खाचेत .०५८ची तार मावणार कशी? ती वर टेकून राहिली. प्रत्येक बेंडनंतर 'टिंग' असा आवाज आणि सूर गेलेला. शेवटी दुसऱ्या एका कारागिराने खाचा रुंद केल्या, गळ्यातली ट्रस रॉड ही सळई आवळली, मागे ट्रेमोलोला (स्वर हलवायच्या दांडीची यंत्रणा) पाचही स्प्रिंगा लावल्या. तारांपेक्षा हा खर्च जास्त झाला, तेव्हा तो आधीच धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: फ्रेट, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. सगळे तेरा-तेरा करत बसतात, पण त्याच्या गिटारीवर जंबो फ्रेट होते, उंच आणि रुंद. बोट लाकडाला घासत नाही, तारेच्या खाली शिरतं आणि ती पकडीत येते. माझ्या गिटारीचे फ्रेट जुन्या पद्धतीचे, बुटके. म्हणजे निम्मी लढाई मी चुकीच्या मैदानात लढत होते.

त्याची ती लाडकी गिटार 'नंबर वन' तरी कुठे नवी होती! सत्तरच्या दशकात ऑस्टिनमधल्या रे हेनिगच्या दुकानातून आणलेली, वापरून खडबडीत झालेली. तो तिला १९५९ची म्हणायचा, कारण पिकअपवर (तारांचा आवाज टिपणारा भाग) ते साल होतं. बॉडी आणि नेक साठच्या दशकातले. वर डावखुऱ्यांचा ट्रेमोलो बसवलेला, डावखुरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या वेडापायी. अशा कडबोळ्यातून तो आवाज निघतो म्हटल्यावर सुट्या भागांच्या याद्या पाठ करण्यात किती अर्थ आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता पेडल. हे मात्र पहिल्या दिवसापासून आवडलं. ट्यूब स्क्रीमर खालचा भाग कापतं आणि मधला भाग पुढे आणतं, त्यामुळे गिटार बाकी वाद्यांच्या गर्दीतही ऐकू येते. माझी पहिली चूक म्हणजे ड्राइव्ह (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) पूर्ण फिरवणं. आवाज पिपाणीसारखा झाला. स्टीव्ही उलटं करायचा: ड्राइव्ह कमी, लेव्हल (आवाजाची पातळी) वर. म्हणजे आवाज पेडलने फाडायचा नाही, अँपला ढकलायचा. अँप आधीच काठावर असेल तर मजा. त्याचे अँप मोठे आणि कानठळ्या बसवणारे होते, मी फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे या बाबतीत जास्त बोलत नाही.

या आठ महिन्यांत त्याचं संगीत मी ऐकते ती पद्धतही बदलली. डॅलसच्या ओक क्लिफ भागात १९५४ साली जन्मलेला हा पोरगा थोरला भाऊ जिमी वाजवायचा ते बघत शिकला, शाळा अर्धवट सोडून ऑस्टिनला गेला. १९८२च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. पण तिथेच ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने त्याला हेरलं आणि पुढच्या वर्षीच्या 'लेट्स डान्स' या अल्बमवर वाजवायला घेतलं. गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरू दिला. तिथे दोन-तीन दिवसांत जे रेकॉर्ड झालं ते १९८३चं 'टेक्सस फ्लड', त्याचा पहिला अल्बम. बोवीच्या जगभरच्या दौऱ्यावर मात्र तो शेवटी गेलाच नाही.

सगळे 'टेक्सस फ्लड'वर अडकतात. मीही अडकले होते. आता माझं मत वेगळं आहे. १९८६ साली दारू आणि कोकेनने तो युरोपच्या दौऱ्यात कोसळला, लंडनमध्ये उपचार घेतले, मग अटलांटाच्या रुग्णालयात व्यसनमुक्ती. त्यानंतरचा 'इन स्टेप' हा अल्बम (१९८९, ग्रॅमी मिळालेला) ऐका. स्वर कमी, पण प्रत्येक स्वर सुटा आणि भरलेला. नशेशिवाय ब्लूज निघत नाही म्हणणाऱ्यांना मी हाच लावून देते. २७ ऑगस्ट १९९०ला विस्कॉन्सिनमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनबरोबरच्या कार्यक्रमानंतर रात्री धुक्यात हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. पस्तीस वर्षांचा होता. मी जेमतेम गिटार हातात घेतली त्या वयाचा.

तर तेराच्या तारा घ्याव्यात का? आवाज जाड होतो, खोटं बोलणार नाही. उजव्या हाताने कितीही जोरात हाणलं तरी तार लुळी पडत नाही, आणि मला वाटतं त्याला हेच हवं होतं. त्याचं निम्मं वाजवणं उजव्या मनगटात आहे, न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने दाबून सहाही तारांवरून हात फिरवण्यात. ते मी दहाच्या तारांवरही शिकू शकले असते. बोटं फार सोलली की तो स्वतःही पहिली तार जरा बारीक लावायचा, हे कळलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

पावसाळ्यात या जाड तारा गंजल्या तशी गेल्या महिन्यात अकराचा संच चढवला. अर्धा स्वर खालीच ठेवलाय. नट मात्र आता रुंद घासलेला, त्यात अकराच्या तारा सैल बसतात आणि तिसरी तार सतारीच्या जवारीसारखी झिणझिणते. नवा नट बसवायला शनिवारी गिटार टाकते आहे.