सिम्युलेटर सेंटरला जाताय? मग आडव्या वाऱ्यातलं लँडिंगच मागा

भाच्याला पायलट व्हायचंय, बारावी झाली की सीपीएलच (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करणार म्हणतो, म्हणून त्याला पुण्यातल्या एका फ्लाइट सिम्युलेटर सेंटरला घेऊन गेलो. त्यांचं नेहमीचं पॅकेज म्हणजे स्वच्छ हवा, मुंबईवरून एक चक्कर आणि शेवटी कॅप्टनची टोपी घालून फोटो, वाढदिवसाला ठीक आहे हो, पण ज्याला खरंच शिकायचंय त्याने त्यात पैसे घालू नयेत. काउंटरवर सरळ सांगायचं की सेसना १७२ (शिकायला वापरतात ते छोटं विमान) द्या आणि आडवा वारा लावा. जादा पैसे घेत नाहीत, फक्त स्वतःहून सांगतही नाहीत.

इन्स्ट्रक्टर सर मात्र एक नंबर. त्यांनी बारामतीची २९ नंबरची, म्हणजे २९० अंशांच्या दिशेची धावपट्टी लावली, वारा २३० अंशांवरून १६ नॉट (विमानातलं वेगाचं माप), गस्ट म्हणजे मधेच येणारा झोत २६, आणि पोराला विमानात बसवायच्या आधी कागद-पेन दिलं. वारा धावपट्टीला ६० अंशात, म्हणजे आडवा भाग साधारण १४ नॉट. १७२ च्या मॅन्युअलमध्ये १५ नॉटपर्यंतचा क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, करून दाखवलाय, त्यामुळे भाचा लगेच "बसतंय की!" तर सर म्हणाले, अरे गस्टचा पण काढ. तो निघाला साडेबावीस. "हे दोन्ही आकडे तुला एकाच लँडिंगमध्ये भेटणार." मग स्पीड, एरवी ६५ नॉटने येत असशील तर गस्ट आणि साध्या वाऱ्यातल्या फरकाचा निम्मा त्यात मिळवायचा, म्हणजे ७०.

आला पोरगा ७० ने, नाक वाऱ्याकडे ठेवून, सगळं छान. धावपट्टीच्या जरा वर विमान धरलं आणि नेमका झोत आला, विमान फुग्यासारखं वर. झोत गेला तसा स्पीडही गेला, विमान धपकन खाली बसायला लागलं आणि ह्याने घाबरून नाकच खाली दाबलं. पुढचं चाक आधी आपटलं, उसळी, परत नाक खाली, दुसरी उसळी पहिल्यापेक्षा मोठी, मग वाऱ्याने नाक डावीकडे ओढलं आणि विमान गवतात. स्क्रीन लाल.

यावर सर जे बोलले तेवढ्यासाठी माझे पैसे वसूल. छोट्या विमानांचे असले अपघात बरेच होतात, माणसं बहुतेक वेळा चालत बाहेर येतात, पण पुढच्या चाकाचा पाय मोडतो, त्याच्यामागचा पत्रा वाकतो, आणि प्रॉपेलर जमिनीला लागला की तो नुसता बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं. उसळी बसली की ती सावरत बसायचं नाही. थ्रॉटल फुल, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) २० अंशांवर, निघायचं, फिरून परत यायचं, यालाच गो अराउंड म्हणतात. "गो अराउंडला कोणी हसत नाही रे."

नंतर एकदा बरोबर जमलं. योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे, उजवा रडर (नाक वळवायचं पायातलं पेडल), डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग पुढचं. पोराने हुश्श करून योक सोडला आणि डावा पंख परत उचलायला लागला! सरांनी त्याचा हात धरूनच योक पूर्ण डावीकडे नेला, विमान थांबेपर्यंत वारा सोडत नाही म्हणे. यूट्यूबवर हजार व्हिडिओ बघून हे डोक्यात शिरलं नसतं.

आता तक्रारी. सीट हलत नाही, त्यामुळे विमान खाली बसताना पोटात जो गोळा यायला हवा तो येतच नाही, सगळं डोळ्यांनीच ओळखायचं. रडर पेडल इतके कडक की मांडी भरून आली म्हणाला, आणि एसी असा की स्वेटर घालून जा. हे मशीन डीजीसीएमान्य (सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेलं) नाही, म्हणजे सीपीएलच्या २०० तासांत यातला एक मिनिटही धरत नाहीत. तिथल्या माणसाने हे विचारल्यावर सांगितलं, पण बोर्डवर "पायलट ट्रेनिंग" एवढं मोठ्ठं लिहिलंय, ते खटकलं.

पाचपैकी चार, त्यातले तीन सरांचे. बुक करताना ते आहेत का विचारा. आणि अर्ध्या तासाचा स्लॉट नका घेऊ, बेल्ट, हेडसेट आणि गप्पांत निम्मा तिथेच जातो, तासाचाच घ्या.