‘बच्चा गिराना मत, केस बनेगा’

नसबंदीनंतरही दिवस राहिले की घरात आधी धक्का, मग भांडण, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीनं एक ‘केस लढवून देणारा’ दारात. इंदूरच्या मराठी घरांत तो मोडकंतोडकं मराठी बोलतो, मुद्द्यावर आला की हिंदी: ‘भाभी, बच्चा गिराना मत. दस लाख पक्के.’ नसबंदीचा दाखला आणि डिस्चार्ज कार्ड मूळ घेतो, कोऱ्या वकालतनाम्यावर सही घेतो, वर स्टांप-टायपिंगचे पैसे.

त्याच्या याच सल्ल्यानं दावा मरतो. पंजाब राज्य विरुद्ध शिवराम (2005) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की ऑपरेशन फेल झालं एवढ्यानं डॉक्टरचा निष्काळजीपणा ठरत नाही. बांधलेली नळी कधी आपसूक जुळते. आणि कळूनही गर्भ ठेवला, तर तो ‘नको असलेला’ राहत नाही, मुलाच्या पालनपोषणाचा खर्च मागता येत नाही. ठेवायचा की नाही हे बाईनं ठरवावं, कमिशनवाल्यानं नव्हे. गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कारणावरून 20 आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो.

हरियाणाच्या संत्रा खटल्यात (2000) भरपाई मिळाली, कारण उजवीच नळी बंद केली होती, डावी तशीच. म्हणजे सगळं ऑपरेशनच्या नोंदींवर. त्यात दोन्ही नळ्यांचा उल्लेख आहे का, बघा. नोंदी लेखी मागा. 72 तासांत देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. पुरुषाची नसबंदी असेल तर पहिला प्रश्न येतो तीन महिन्यांनंतरच्या वीर्यतपासणीचा. ती केलीच नसेल तर बोलायला फारसं उरत नाही.

सरकारी योजनेतली भरपाई काही हजारांतली, पण निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. गर्भ कळल्यापासून 90 दिवसांत, ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यामार्फत अर्ज करायचा. ‘अगले हफ्ते’ म्हणत दलाल नेमके हेच दिवस घालवतो. पैसे देऊन खासगीत केलं असेल तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. दिलेलं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं फी शून्य. मग स्टांप कसला? बाईला तर विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि या सगळ्याआधी सोनोग्राफी. नसबंदीनंतरचा गर्भ नळीतच अडकलेला असू शकतो. पोटात एका बाजूला कळ, चक्कर, डाग दिसले तर त्याच तासाला दवाखाना गाठा. कागद नंतर.