थर्मल कॅमेऱ्याने लिकेज तपासणी: काम चोख, रिपोर्ट मात्र फुगवलेला

बेडरूमच्या भिंतीचे तीन पावसाळे पोपडे निघत होते. कपाटामागे कुबट वास. भिंतीपलीकडे आमचंच बाथरूम, त्याच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं. त्यामुळे दोषी कोण, हे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. सोसायटीत अर्ज दिले. काकूंच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवून पाहिलं (आमच्याकडे रंगाचा थेंब उतरला नाही, तरी आम्ही ऐकलं नाही). दोन प्लंबर झाले. दुसरा म्हणाला, "सगळ्या टाइल्स फोडू, मग कळेल."

फोडण्याआधी थर्मल कॅमेरा हा शेवटचा उपाय. तपासणीचे ४,५०० रुपये, जीएसटी वेगळा.

आलेला मुलगा पंचविशीचा. बूट काढता काढताच म्हणाला, "काका, यातून पाणी दिसत नाही हं. भिंतीवरचं तापमान दिसतं, बाकी आपण ओळखायचं." तिथेच मला तो पटला. ओल सुकत असते तिथली भिंत जरा गार पडते, म्हणून स्क्रीनवर निळी. आमचा डाग कोरड्या भागापेक्षा दोन अंशांनी गार निघाला. मग दोन पिनांचं ओल मोजायचं मीटर टेकवून त्याने खात्री केली. पण ओल कुठे आहे ते मलाही दिसत होतं की. ती येते कुठून?

त्याने गीझर लावायला सांगितला आणि थोड्या वेळाने बेसिनचा गरम नळ दहा मिनिटं सोडून ठेवला. बेडरूमच्या भिंतीवर हळूहळू एक पिवळी रेघ उमटली, आतल्या पाइपची. पाइप वळतो तिथे, एल्बोपाशी, रेघ फुगली, तळहाताएवढी झाली आणि खाली ओघळायला लागली. बायको स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पाइप आमचा होता.

दोन टाइल्स काढल्या. २२ वर्षांचा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) एल्बो हातात आला तो गंजाचा भुगा होऊनच.

आता तक्रारी. बाथरूमच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याला एक 'हॉट स्पॉट' दिसला, तो आमच्या मुलाचं प्रतिबिंब निघाला. चकचकीत पृष्ठभागावर हे होतं म्हणे, पण फोटो रिपोर्टात तसाच आला. रिपोर्ट २८ पानांचा, निम्मी पानं कंपनीची जाहिरात. प्रत्येक फोटोची रंगपट्टी वेगळी, त्यामुळे एका अंशाचा फरकसुद्धा घर पेटल्यासारखा लाल दिसतो. आणि शेवटच्या पानावर अख्ख्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन! एक एल्बो बदलायचा होता, बाबांनो. तपासणारा आणि दुरुस्तीवाला एकच असेल तर कोटेशन बाजूला ठेवून फक्त फोटो बघा. शिवाय ऐन पावसात बोलावू नका. भिंती सगळ्याच गार आणि ओल्या असतात, फरक कळत नाही. आम्ही डिसेंबरात बोलावलं होतं.

एक गोष्ट फुकटात मिळाली. जाता जाता त्याने मीटरच्या बोर्डावर कॅमेरा धरला. बाकीचे एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) चाळिशीच्या आत, गीझरचा ७१ अंश. स्क्रू सैल होता. इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत आवळला.

पाचपैकी चार तारे, त्या मुलासाठी. काकूंकडे रविवारी जाऊन आलो. चहा दिला, बिस्किटं नाही.