अंगठा दोनदा, सिम कार्डं दोन

मे महिन्यात पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला आई गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली होती. वाटेत सिमवाल्याची छत्री. "मावशी, नंबर तोच राहील, कंपनी बदला, रिचार्ज स्वस्त पडेल." पोराने आधार नंबर घेतला, बोटाचं मशीन पुढे केलं. आईने अंगठा ठेवला. "घेत नाही मावशी, पुसून परत ठेवा." तिने पदराला पुसून परत ठेवला. झालं.

यात तिला वावगं वाटायचं काही कारणच नव्हतं. उभा जन्म नारळ खवण्यात नि भांडी घासण्यात गेलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरतात कुठे? रेशनच्या दुकानातही तेच ऐकावं लागतं. हे भामटे नेमकं तेच हेरतात. पहिलाच अंगठा मशीनने घेतला होता; त्यावर तिच्या नावाने एक नवं सिम निघालं आणि ते परस्पर विकलं गेलं.

पावसाळ्यात परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला: तुमच्या नावावरच्या नंबरवरून एकाला गंडा घातलाय. आम्ही तिला फोन ठेवायला लावला. हल्ली 'डिजिटल अरेस्ट'वाले, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं सोंग करून पैसे उकळणारे, असंच बोलतात, तेव्हा ठेवला ते बरोबरच. पण पुढे आमच्याच पोलीस स्टेशनचा हवालदार खरीखुरी नोटीस घेऊन दारात उभा! आईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या साइटवर तिचा नंबर नि ओटीपी टाकला. नावावर दोन नंबर दिसले. अनोळखी नंबरापुढे 'हा माझा नंबर नाही' असं नोंदवलं. कामी आली ती मात्र आधारच्या साइटवरची नोंद. तिथे मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे पडताळलं ते तारीख-वेळेसकट दिसतं. त्याच शुक्रवारी, काही मिनिटांच्या अंतराने, बोटाच्या दोन पडताळण्या, दोन्ही यशस्वी. त्याची प्रिंट जोडून रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनात तक्रार दिली. सहा महिने उलटू दिले असते तर हा पुरावा गेला असता. दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा आयटी कायद्याच्या ६६सी (66C) कलमाखाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. पण छत्रीवाला पोरगा सापडायला हवा ना! बाजारात त्याला कोणी ओळखत नाही.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावर किती सिम आहेत ते आजच बघा. परत अंगठा मागितला तर आधी स्क्रीन दाखवायला सांगा. का-कू केली तर सरळ उठा. झेरॉक्स द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. नावावर कोणी कर्ज काढलंय का, ते सिबिलच्या रिपोर्टात कळतं. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पैसेच गेले असतील तर मात्र वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आईचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने होणारी पडताळणी, आता लॉक केलंय. रेशनच्या दिवशी मी ते थोड्या वेळापुरतं उघडून देतो, आणि दुकानात रांग लांबली की ती तिथून फोन करून मलाच ओरडते.