जीपी-५ मास्क: शोकेससाठी ठीक, मस्टर्ड गॅससमोर कुचकामी

पुण्यात जुन्या बाजारात नाहीतर ऑनलाइन, राखाडी रबराचा, दोन गोल काचांचा सोव्हिएत बनावटीचा जीपी-५ गॅस मास्क मिळतो. विकणारा हमखास सांगतो, "लढाईतला गॅसपण थांबतो." मस्टर्ड या रासायनिक युद्धातल्या विषापुरतं बोलायचं तर हा दावा अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा महागात पडणारा.

सल्फर मस्टर्डला गॅस म्हणतात खरं, पण तो तेलकट द्रव आहे. साधारण १४ अंशांना गोठतो, २१७ अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे पुण्यातल्या पाषाण भागात जानेवारीतल्या पहाटे तो जमिनीवर थिजून पडेल आणि दुपारी उन्हात वाफ सोडेल. ही वाफ हवेपेक्षा पाचपटींहून जड असल्याने खड्ड्यात, तळघरात साचते. लागल्याक्षणी काहीच दुखत नाही. लाली, फोड, डोळ्यांची आग हे सगळं २ ते २४ तासांनी सुरू होतं. पहिल्या महायुद्धात १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा सैनिकांकडे मास्क होतेच. तरीही काखेत, जांघेत, मानेवर, जिथे घाम असतो तिथे भाजलं. मास्क डोळे आणि फुप्फुसं वाचवतो, बाकीचं अंग उघडंच राहतं. शिवाय साध्या रबरात मस्टर्ड मुरतो आणि काही वेळाने आरपार जातो; म्हणून हातमोजे आणि बूट ब्युटाइल रबराचे लागतात.

आता वस्तू म्हणून हा मास्क कसा आहे? बसतो झकास, माप बरोबर असेल तरच. टाळूवरून गालांवरून हनुवटीखाली टेप फिरवा: ६३.५ ते ६५.५ सेंमी असेल तर १ नंबर, ६६ ते ६८ ला २, ६८.५ ते ७०.५ ला ३. नंबर हनुवटीपाशी रबरावरच उठवलेला असतो. दाढी असेल तर विषय संपला, कडेने हवा शिरणारच. घेताना रबर ताणून बघा, चिरा दिसल्या तर ठेवून द्या. श्वास बाहेर सोडायची झडप उघडून बघा; तिची पातळ चकती वाळून वाकडी झालेली असते आणि नेमकं तेच कोणी तपासत नाही. कान झाकले जातात, बोललेलं समोरच्याला कळत नाही, पुण्याच्या मे महिन्यात दहा मिनिटांत आत घामाचं तळं.

सोबतचा हिरवट डबा, म्हणजे हवा गाळणारा फिल्टर, मात्र वापरू नका. या जुन्या फिल्टरांत ॲस्बेस्टॉसचे तंतू आढळलेले आहेत आणि आतल्या कोळशाची मुदत केव्हाच संपलेली असते. डब्याच्या तळाला रबरी बूच असतं, हेही ध्यानात ठेवा. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये (मास्क वेगळे होते) फिल्टरचं बूच न काढल्याने माणसं घुसमटून गेली.

कुरकुंभसारख्या ठिकाणी कारखान्यात काम असेल तर हा मास्क घेऊच नका. चालू मुदतीचा, तिथल्या रसायनाला साजेसा फिल्टर घ्या: तपकिरी पट्टा सेंद्रिय वाफांसाठी, हिरवा अमोनियासाठी. पण तपकिरी पट्टा दिसला म्हणून तो युद्धातल्या विषांसाठी तपासलेला आहे असं धरून चालू नका, त्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं.

खर्च करायचाच असेल तर किराणा दुकानातली मुलतानी माती जास्त कामाची. काही लष्करी किटमध्येही हीच माती असते. द्रवाचा थेंब कातडीवर पडला तर पहिल्या एक-दोन मिनिटांत ती टाकून टिपायची, चोळायची नाही, झटकून मग साबण आणि भरपूर पाणी. डोळे मात्र नुसत्या पाण्यानेच, लगेच. मस्टर्डवर उतारा नाही, त्यामुळे ही पहिली मिनिटंच हातात असतात. कपडे डोक्यावरून ओढून काढू नका, कात्रीने कापा.

दर्शनी वस्तू म्हणून पाचपैकी साडेतीन, संरक्षण म्हणून शून्य.